रक्त, खूर, लोखंड आणि निळा रंग : विटाळाचे रसायन

"आमच्याकडे सगळे विज्ञान आधीच होते" हा दावा आता शाळेतल्या भाषणापासून व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्यावर आपली माणसे दोन उत्तरे देतात. काही जण थट्टा करून सोडून देतात. काही जण म्हणतात, "होते ना, पण ते आमच्या कारागीर पूर्वजांचे होते, तुमचे नव्हते." दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा बरे आहे, पण तेही अर्धेच आहे. कारागिराच्या हातात ज्ञान होते हे मान्य. मग ते हजार वर्षे त्याच जागी का थांबले? ज्याच्या हाताला पदार्थ कळत होता त्याच्यापर्यंत अक्षर का पोचले नाही, आणि ज्याच्याकडे अक्षर होते त्याने पदार्थाला हात का लावला नाही?

हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. त्यासाठी एखादी ठोस वस्तू हातात घ्यावी लागते. मी इथे एक रंग घेतो. निळा. तो आपल्या झेंड्याचा आहे म्हणून तर घेतोच, पण त्याहून मोठे कारण असे की या रंगाचा आधुनिक इतिहास गुरांच्या रक्तातून, खुरांतून आणि शिंगांतून जातो. ज्या वस्तूंना हात लावला म्हणून आपल्या आज्यापणज्यांना गावाबाहेर ठेवले, नेमक्या त्याच वस्तूंतून.

मातीत तांबडा आहे, पिवळा आहे, निळा नाही

गेरू म्हणजे काय? लोखंड आणि ऑक्सिजनचे संयुग. पिवळी माती म्हणजे तेच लोखंड, फक्त रचनेत थोडे पाणी अडकलेले. पिवळी माती भाजली की ते पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. अजिंठ्याच्या लेण्यांत बौद्ध चित्रकारांनी वापरलेले तांबडे, पिवळे आणि हिरवे रंग अशा लोहयुक्त मातींचेच आहेत. दीड हजार वर्षांनंतरही ते टिकून आहेत, कारण ते फुलापानांचे रंग नाहीत, खनिजांचे आहेत.

लोखंड, तांबे, कोबाल्ट, क्रोमियम, मँगनीज या धातूंना रसायनशास्त्रात संक्रमण धातू म्हणतात. जगातली पुष्कळशी खनिज रंगद्रव्ये या घराण्यातून येतात. या धातूंच्या अणूंमधले काही इलेक्ट्रॉन असे असतात की डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातला एखादा भाग शोषून ते वरच्या पातळीवर किंवा शेजारच्या अणूवर उडी मारू शकतात. जो भाग शोषला गेला तो वजा होतो, उरलेला आपल्याला रंग म्हणून दिसतो. धातू तोच असला तरी त्याच्या भोवतीचे शेजारी बदलले की रंग बदलतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण निळा मातीत सहज सापडत नाही. अजिंठ्यात निळ्यासाठी लाजवर्द हा दगड वापरला गेला. तो अफगाणिस्तानातल्या बदखशानच्या खाणींतून येई. युरोपातही चित्रकार याच दगडाची पूड वापरत आणि ती अतिशय महाग पडे. तांब्याचा निळा होता, पण तो तेवढा भरवशाचा नव्हता. नीळ होती, ती कापडाला उत्तम. थोडक्यात, चित्रासाठी गडद, टिकाऊ आणि स्वस्त असा निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माणसाकडे नव्हता.

बर्लिनमधला नासलेला तांबडा

१७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये योहान याकोब डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर तांबडा रंग तयार करत होता. कोचिनील किड्याचा अर्क, तुरटी, हिराकस म्हणजे लोखंडाचे सल्फेट, आणि त्यात पोटॅश हा क्षार, अशी त्याची कृती. पोटॅश संपले म्हणून त्याने योहान कॉनराड डिपेल या किमयागाराकडून ते घेतले. डिपेल प्राण्यांच्या अवशेषांपासून एक तेल काढत असे आणि ते औषध म्हणून विकत असे. त्या कामात वापरलेले, खराब झालेले पोटॅश त्याने डीसबाखला दिले.

तांबडा झालाच नाही. फिकट काहीतरी आले. ते आटवल्यावर आधी जांभळे आणि मग गडद निळे झाले. डीसबाखने डिपेलला विचारले तेव्हा गोष्ट पोटॅशपाशी आली. ही हकिगत पुढे १७३१ मध्ये श्टाल या रसायनशास्त्रज्ञाने लिहून ठेवली.

या निळ्याला नाव पडले प्रशियन ब्लू. १७०९ मध्ये पीटर फान डर वेर्फ या डच चित्रकाराच्या चित्रात तो दिसतो. १७१० मध्ये बर्लिनच्या विद्वत्सभेच्या प्रकाशनात त्याची जाहिरातवजा बातमी आली, कृती मात्र गुप्त ठेवली गेली. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जॉन वुडवर्डने ती कृती छापली आणि गुपित फुटले. कृती काय होती? बैलाचे रक्त वाळवा, क्षारासोबत भट्टीत जाळा, पाण्यात उकळा, त्यात हिराकस आणि तुरटी घाला, शेवटी आम्ल घाला. निळा तयार.

पुढे कारखाने निघाले. रक्तासोबत खूर, शिंगे, कातड्याचे तुकडे असे सगळे कत्तलखान्यातले आणि चांभारवाड्यातले उरलेसुरले भट्टीत जाऊ लागले. जपानमध्ये होकुसाईने १८३१ च्या सुमारास काढलेली ती प्रसिद्ध लाट याच निळ्याची आहे. १८४२ मध्ये जॉन हर्शेलने याच रसायनावर छपाईची पद्धत काढली. इमारतींच्या आराखड्याला आजही ब्लूप्रिंट म्हणतात तो शब्द तिथून आला.

रक्तात नेमके काय होते?

इथे एक गैरसमज दूर करू. रक्तात लोखंड असते म्हणून निळा झाला असे वाटते, पण तसे नाही. खुरात आणि शिंगात लोखंड नगण्य असते, तरी निळा होतोच. महत्त्वाचा होता नायट्रोजन. रक्त, खूर, शिंग, कातडे हे सगळे प्रथिन आहे आणि प्रथिनात नायट्रोजन भरपूर असतो. क्षारासोबत तापवल्यावर कार्बन आणि नायट्रोजन यांची जोडी जमते, तिला आज आपण सायनाइड म्हणतो. ही जोडी लोखंडाला घट्ट धरते. मग एका बाजूला दोन प्रभारांचे लोखंड, दुसऱ्या बाजूला तीन प्रभारांचे लोखंड आणि मध्ये सायनाइडचा पूल अशी जाळी बनते. प्रकाश पडला की पहिल्या लोखंडाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे उडी मारतो, त्यात तांबूस बाजूचा प्रकाश शोषला जातो आणि उरतो तो गडद निळा.

म्हणजे गेरूचा तांबडा आणि हा निळा, दोन्हीकडे लोखंडच. बदलले ते शेजारी.

हे कळायला युरोपलाही दोनशेहून अधिक वर्षे लागली. १७८२ मध्ये शेलेने या रंगापासून एक आम्ल वेगळे केले. १८१५ मध्ये गे-लुसाकने कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचा उलगडा केला आणि निळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव ठेवले. सायनाइड हे भयंकर विषाचे नाव निळ्या रंगावरून पडले आहे. जाळीची रचना विसाव्या शतकात क्ष-किरणांनी दिसली. आज हाच रंग थॅलियम आणि किरणोत्सारी सीझियमच्या विषबाधेवर औषध म्हणून देतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो आहे.

या साखळीतला प्रत्येक दुवा पाहा. कारागिराची चूक, किमयागाराचे घाणेरडे पोटॅश, कत्तलखान्याचे रक्त, विद्वत्सभेचे नियतकालिक, प्रयोगशाळा, विद्यापीठ, औषध. खालून वर आणि वरून खाली वाट मोकळी होती म्हणून ही साखळी तयार झाली. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा एक किस्सा सांगितला जातो. इंग्लंडमधल्या प्रशियन ब्लूच्या कारखान्यात लोखंडी कढया ढवळताना कानठळ्या बसणारा आवाज येत असे. मालक म्हणाला, आवाज जितका जास्त तितका निळा चांगला. लीबिगने ओळखले की आवाजाचा संबंध नाही, ढवळण्याने कढईचे लोखंड खरवडले जाते आणि ते मिश्रणात उतरते. लोखंडाचा चुरा आधीच टाकला तर एवढा आटापिटा नको. कामगाराला 'काय होते' ते माहीत होते, शास्त्रज्ञाला 'का होते' ते कळले. दोघे एका भट्टीपाशी उभे राहिले तेव्हा कोडे सुटले.

आपल्याकडची भट्टी

आता आपल्या गावात या. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावणारा ढोर, चांभार समाज काय करत होता? सालीतले टॅनिन कातड्याच्या प्रथिनाला बांधत होता, म्हणजे ते सडणार नाही असे करत होता. त्याच हिरड्याच्या पाण्यात हिराकस पडली की काळा रंग येतो, कारण लोखंड आणि टॅनिन यांचे संयुग काळे असते. आंध्रातले कलमकारी कारागीर गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग करतात, तेही हेच. कातडे, प्रथिन, लोखंड, क्षार, चुना, आम्ल हे सगळे साहित्य आपल्या लोकांच्या हातात होते. डीसबाखपेक्षा काही कमी नव्हते.

कमी होते ते एकच. त्यांच्या शेजारी पुस्तक घेऊन उभा राहणारा माणूस नव्हता आणि त्यांना स्वतः पुस्तक घेण्याची बंदी होती.

ही बंदी आपोआप पडलेली नाही. मनुस्मृतीचा चौथा अध्याय काढून बघा. कुणाच्या हातचे अन्न खाऊ नये याची यादी तिथे आहे. त्यात लोहार आहे, सोनार आहे, कातडे कापणारा आहे, धोबी आहे, आणि कापड रंगवणारा रंगारीही आहे. म्हणजे धातू, कातडे, क्षार, रंग, एकूण एक रसायन जाणणारे लोक. दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने संकटकाळी व्यापार केला तरी कोणत्या वस्तू विकू नयेत याची यादी आहे, त्यात नीळ आहे. निळ्याचा विटाळ एवढा जुना आहे! बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा विषमतेचा कायदा जाळला गेला हे आपण नेहमी सांगतो. त्यासोबत हेही सांगितले पाहिजे की पदार्थाला हात लावणाऱ्याला हीन ठरवणारे, म्हणजे प्रयोगालाच हीन ठरवणारे शास्त्र त्या दिवशी जाळले गेले.

युरोपात विटाळ नव्हता का?

कुणी विचारील, युरोप काय सगळा समतेचा होता? नव्हता. आणि हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, नाहीतर आपला युक्तिवाद लंगडा पडतो. जर्मन प्रदेशात मेलेली ढोरे सोलणारे आणि फाशी देणारे यांना 'बेइज्जत' समजले जाई. त्यांच्या मुलांना कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे. त्यांना शिवणेही लोक टाळत. हे वर्णन आपल्याला अगदी ओळखीचे वाटते.

फरक कुठे आहे? १७३१ मध्ये साम्राज्याच्या एका कायद्याने असे अनेक व्यवसाय या बट्ट्यातून मोकळे केले. ढोरे सोलणाऱ्यांच्या मुलांना त्यातूनही वगळले होते, त्यांना १७७२ पर्यंत थांबावे लागले. समाजाच्या मनातून ते लगेच गेले असे नाही. पण ही कलंकाची कल्पना धर्माच्या मुळाशी बसवलेली नव्हती, गेल्या जन्मीच्या पापाचे फळ म्हणून समजावलेली नव्हती आणि संपूर्ण समाजरचना तिच्यावर उभी नव्हती. म्हणून ती कायद्याने हलवता आली. आपल्याकडे राज्ये बदलली, राजे बदलले, गावकुसाबाहेरची वस्ती तिथेच राहिली. 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेब म्हणतात की ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याचा अर्थ असा होतो की इथे हात आणि डोके वेगवेगळ्या जातींत वाटले गेले. हाताला प्रश्न विचारायची मुभा नाही आणि डोक्याला प्रयोग करायची इच्छा नाही.

हे आपणच म्हणतो असे नाही

आपण बोललो की म्हणतात, तुम्ही सगळ्यात जात आणता. म्हणून एका सवर्ण शास्त्रज्ञाची साक्ष काढतो. आचार्य प्रफुल्लचंद्र रे, जन्म १८६१, एडिंबरा विद्यापीठाचे डॉक्टर, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक, बेंगाल केमिकल्सचे संस्थापक. त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, पहिला १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये. प्राचीन रसायनाचा अभिमान बाळगणारे लोक रे यांचे नाव हमखास घेतात. पण त्याच ग्रंथात विज्ञानवृत्तीचा ऱ्हास का झाला यावर प्रकरण आहे, ते मात्र कुणी वाचत नाही. रे तिथे स्पष्ट सांगतात की जातिव्यवस्था घट्ट झाली, हातांची कामे खालच्या जातींवर सोडली गेली, बुद्धिमान म्हणवणारा वर्ग त्यांतून अंग काढून बसला, आणि 'कसे' व 'का' हे प्रश्नच संपले. प्रेताचा स्पर्श विटाळ ठरला म्हणून शवविच्छेदन गेले आणि सुश्रुताची शस्त्रक्रिया न्हाव्याच्या वस्तऱ्यापुरती उरली, हेही ते मांडतात.

याच रे यांनी कारखान्याच्या सुरुवातीच्या दिवसांत खाटकांकडून गुरांची हाडे आणून घराच्या गच्चीवर वाळत घातली होती. त्यापासून त्यांना फॉस्फेट करायचे होते. शेजाऱ्यांनी तक्रार केली. हाडे हलवावी लागली, पण रे यांची जात गेली नाही, प्रतिष्ठाही गेली नाही. हेच हाड आपल्या माणसाच्या डोक्यावर असते तेव्हा तो अस्पृश्य असतो आणि प्राध्यापकाच्या गच्चीवर असते तेव्हा तो उद्योग असतो. हाड तेच. बदलले ते शेजारी!

मग ढोरे ओढणे सोडा असे बाबासाहेब का म्हणाले?

इथे एक चलाख युक्तिवाद येतो आणि तरुणांनी तो ओळखायला शिकले पाहिजे. "पाहा, खुरांत, शिंगांत एवढी संपत्ती होती. तुमच्या पुढाऱ्यांनी ते काम सोडायला लावून तुमचे नुकसान केले." हा युक्तिवाद नवा नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. त्यावर पुढे 'केसरी'तून हिशेब मांडला गेला की गावात वर्षाला इतकी ढोरे मरतात, त्यांच्या कातड्याचे, शिंगांचे, हाडांचे, खुरांचे पाचशे रुपये होतात आणि ते अस्पृश्यांना मुकावे लागते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाचा समाचार घेतला. एवढा फायदा आहे तर तुम्हीच का करत नाही, वर मी आणखी पैसे देतो, असा त्यांचा रोख होता. अर्थात कुणी पुढे आले नाही.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांना हाडाचा भाव कळत नव्हता असे समजणे हास्यास्पद आहे. त्यांचा विरोध हाडाला, कातड्याला किंवा रक्ताला नव्हता. जन्माने लादलेल्या सक्तीला होता. डीसबाखला रंग करायचे बंद करून दुसरे काही करायची मोकळीक होती. महाराला नव्हती. ज्या कामातून बाहेर पडता येत नाही त्या कामात माणूस प्रयोग करत नाही, फक्त दिवस ढकलतो. म्हणून काम सोडणे ही ज्ञानाकडे पाठ फिरवणे नव्हते, ज्ञानाच्या दारापर्यंत पोचण्याची ती पहिली अट होती. 'शिका' हा संदेश त्यानंतरच्या पायरीवर उभा आहे.

आणि सोडले तरी मार, केले तरी मार, ही अवस्था संपलेली नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उनाजवळ मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली. त्यानंतर लोकांनी मेलेली ढोरे सरकारी कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली. महाडच्या त्या आवाहनाचाच तो पुढचा अध्याय होता.

लोखंड अजूनही तेच आहे

शेवटी आजच्याबद्दल. आपल्या झेंड्याचा आणि भिंतीवरच्या अक्षरांचा निळा आता प्रशियन ब्लू असेलच असे नाही. आज रंगाच्या डब्यातला निळा बहुतेक वेळा तांब्याचा असतो, थॅलोसायनिन ब्लू. त्याचा धागाही अपघाताचाच. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या कारखान्यात भांड्याचा काचेचा थर तडकला, आतले लोखंड रसायनात मिसळले आणि निळसर पदार्थ दिसला. पुढे लोखंडाच्या जागी तांबे आले. आता वापी, अंकलेश्वरच्या कारखान्यांत तो बनतो. तिथे कढईपाशी कोण उभे असते आणि प्रयोगशाळेत कोण बसते, हे एकदा कुणीतरी मोजायला हवे.

सायनाइड मारते कसे? शरीरातल्या पेशींना श्वास घ्यायला लावणाऱ्या एका एन्झाइममध्ये लोखंडाचा अणू असतो, सायनाइड तो धरून ठेवते. निळ्या रंगात लोखंडाला धरणारी हीच पकड. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायूही त्याच एन्झाइमला बंद पाडतो. मैला हाताने साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी मास्क आणि ऑक्सिजनशिवाय माणसे खाली उतरवली जातात. ती कोणत्या जातींतली असतात हे वेगळे सांगायला नको. रसायनशास्त्र जात पाळत नाही. कोणाच्या छातीत कोणते रसायन जाईल हे मात्र या देशात अजून जातच ठरवते.

म्हणून तरुण मित्रांनो, "आमचे पूर्वज वैज्ञानिक होते" एवढ्यावर समाधान मानू नका. इतिहासात आपल्या हातांची नोंद व्हावी ही मागणी करा, आणि त्याच वेळी विज्ञान शाखेच्या जागा, शिष्यवृत्त्या, प्रयोगशाळा, संशोधनाच्या फेलोशिप यांसाठी भांडा. आपल्या वस्तीतल्या मुलाला पिवळी माती भाजून तांबडी का होते ते दाखवा. हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकून काळी शाई का होते ते दाखवा. त्याला कळू द्या की विटाळ नावाचा कोणताही गुणधर्म कोणत्याही मूलद्रव्यात सापडलेला नाही.

जय भीम!